तारेला ओवलेल्या पावत्या

माझ्या वडिलांनी आयुष्यभर एकही कागद फेकला नाही. केळापूर तालुक्यातल्या आमच्या घरी, ओसरीच्या खांबाला जाड तारेचे दोन आकडे लटकलेले असत. एका तारेत कापसाचे कागद ओवलेले : काट्यावरची पावती, प्रतवारीची पावती, चुकाऱ्याचा हिशेब, सोसायटीने परस्पर कापून घेतलेल्या कर्जाचा कागद. दुसऱ्या तारेत औषधांचे : मेडिकलची बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, लघवीच्या तपासणीचे रिपोर्ट. औषधांच्या तारेतला सगळ्यात खालचा कागद 1986 चा आहे, सगळ्यात वरचा 1999 चा. 2000 साली बाबा गेले. तारा तशाच राहिल्या. पुढे घरावरची कवेलू काढून टिन टाकायचे ठरले, तेव्हा मायने त्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "पाय, काही कामाच्या असतीन तर."

मी बारावीपर्यंत शिकलेला माणूस. पांढरकवड्याला झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान चालवतो. दुकानात लोकांचे सातबारे, फेरफार, कोर्टाचे जुने कागद येतात. त्यातूनच इतिहासाचा नाद लागला. 1930 साली पुसदला झालेल्या जंगल सत्याग्रहाची माहिती काही वर्षे गोळा केली. त्या कामात एक सवय लागली : कागद हाती आले की आधी तारखेने लावायचे, अर्थ नंतर काढायचा. बाबांच्या तारांचेही मी तेच केले. दुकानाच्या फरशीवर एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला औषध, अशी तेरा वर्षे मांडली.

आकृती दिसायला वेळ लागला नाही. औषधांची बिले मार्गशीर्षापासून दाट होत जातात, फाल्गुनापर्यंत महिन्याला एक तरी सापडते. चैत्रानंतर ती विरळ होतात. ज्येष्ठ-आषाढात जवळजवळ नाहीतच; तेरा वर्षांत जून महिन्याचे बिल फक्त दोनदा. पोळ्याच्या सुमारास एखादे छोटे, पाच-दहा गोळ्यांचे बिल. मग सीतादही होऊन वेचणी लागली, पहिला कापूस विकला, की दिवाळीनंतर पुन्हा पूर्ण महिन्याच्या गोळ्या. ज्या वर्षी कापसाचा चुकारा उशिरा आला, त्या वर्षी औषधाचे पहिले बिलही तितकेच उशिरा. दोन्ही तारा एकमेकींना बांधलेल्या होत्या आणि आमच्या घरात हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. निदान माझ्या तरी नाही.

हे सांगण्याचे कारण असे. 1997 साली बाभळीच्या काट्याने झालेली जखम चिघळून बाबांच्या उजव्या पायाची बोटे काढावी लागली, पुढे घोट्याच्या वरपर्यंत पाय गेला. काटा पायात तीन दिवस होता. पाय बधिर झालेला, त्यांना कळलेच नाही. ज्या दवाखान्यात त्यांना नेले होते तिथले डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "गोळ्या वेळेवर घ्यायच्या नाहीत आणि पाय सडला की आमच्याकडे यायचे." बाबा काही बोलले नाहीत. मी बोललो. डॉक्टरांच्याच बाजूने बोललो, घरी येऊनही बोललो, दोन-तीन वर्षे बोलत राहिलो. म्हणून मला शोधायचे होते, की औषध नियमित न घेणाऱ्या रोग्याला दोष देण्याची रीत कुठून आली, आणि ज्याला आपण दोष देतो तो माणूस नेमके काय करत असतो.

दोष जुनाच आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर जो ग्रंथसंग्रह आहे, त्यातही वैद्याला बजावले आहे, की रोगी औषध घेतल्याचे खोटे सांगतात, लक्ष ठेवा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतल्या प्रमेहाच्या चिकित्सेत मात्र वेगळीच गोष्ट सापडली. तिथे रोग्याची ऐपत विचारात घेतली आहे. गरीब, पाठीशी कुणी नसलेल्या रोग्याने पायात जोडा आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. धनवंताने सावा, देवभात, आवळा, कवठ यांवर राहून हरणांच्या संगतीत वनात दिवस काढावेत. आणि इतरांनी सतत नांगर धरावा, नाहीतर विहीर खणावी. मी हे वाचले आणि बराच वेळ पुस्तक बंद करून बसलो. आमच्या बाबांनी दुसरे काय केले? नांगर धरला, वखर धरला, 1972 च्या दुष्काळात विहिरीही खणल्या. अनवाणीही चालले. आज मधुमेहाच्या माणसाला अनवाणी चालू नका असे पहिले सांगतात. सुश्रुताची चूक काढायचा हेतू नाही. जो रोगी आधीच दिवसभर राबतो त्याला हा रोग होईल, हे त्या काळी कुणाच्या मनात येण्यासारखे नव्हते, एवढेच.

ते विसाव्या शतकातही आले नाही. 1907 साली ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेच्या सभेत उष्ण देशांतल्या मधुमेहावर चर्चा झाली. कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांचा तीत भाग होता. त्या चर्चेतला हिंदी मधुमेही म्हणजे शिकलेला, बसून काम करणारा, खाऊनपिऊन सुखी असा बंगाली भद्र माणूस. वकील, मुन्सफ, जमीनदार. हे चित्र डॉक्टरांच्या डोक्यात इतके घट्ट बसले, की 1986 साली आमच्या बाबांची लघवी तपासून घेणाऱ्या डॉक्टरांनाही आश्चर्य वाटले होते. एवढा वाळलेला माणूस, आठ एकर कोरडवाहूचा धनी, त्याला शुगर कशी? त्याचे उत्तर पुढे पुण्यातून आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास 1990 च्या दशकात सुरू केला. ती बाळे इंग्लंडातल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी होती, पण मांस कमी असले तरी चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचा. आईच्या पोटातल्या उपासमारीचा या रोगाशी संबंध आहे, हे तेव्हापासून गांभीर्याने बोलले जाऊ लागले.

महाराष्ट्रातला त्या काळचा सगळ्यात प्रसिद्ध मधुमेही म्हणजे लोकमान्य टिळक. आमच्या जिल्ह्याला हे नाव परके नाही. वणीचे लोकनायक बापूजी अणे हे त्यांचे अनुयायी, त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत श्लोकांत लिहिले आणि त्या 'तिलकयशोऽर्णवः' ग्रंथाला बापूजींच्या मागे 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मंडालेच्या सहा वर्षांत टिळकांनी मधुमेहासाठी आहारावर कडक बंधन पाळले. दुसरा उपाय नव्हताच. जेवण हेच औषध. टिळकांचे मनोबल वादातीत आहे. तरी मला वाटते, तुरुंगात पथ्याला एक सोय असते : रोजचा दिवस कालच्यासारखा असतो. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, 11 जानेवारी 1922 ला, टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले.

इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट वाचकांना माहीत असते, म्हणून ती सोडतो. शेतकऱ्याच्या घरात शिरला तो गोळीचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधल्या माँपेलिए इथे विषमज्वरावर एक नवे सल्फा औषध वापरून पाहताना रोग्यांची साखर धोकादायक उतरली. त्या अपघातातून सल्फोनिलयुरिया जातीच्या गोळ्या निघाल्या. 1956 च्या सुमारास टोलब्युटामाइड आले, 1960 च्या दशकाच्या अखेरीस ग्लायबेनक्लामाइड. भारतात ते 'डाओनिल' नावाने गावोगाव पोचले. बाबांच्या चिठ्ठ्यांवर तेच नाव आहे. गोळी महाग नव्हती. 1972 पासून लागू झालेल्या आपल्या पेटंट कायद्यामुळे इथल्या कंपन्या अशी औषधे स्वस्तात करू शकत होत्या. महाग होते ते बाकीचे : एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे, डॉक्टरांची फी, तपासणी, आणि बुडालेला दिवस.

तपासणी घरीही होई. काचनळीत पाच मिली निळे बेनेडिक्टचे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी असे चढत जाते. माझ्या लहान भावाला हा खेळ फार आवडे, रंग ओळखण्याची पैज लागे. पण लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर बरीच चढल्यावर, आणि ती फक्त त्या वेळेचे सांगते. डॉक्टरकडे जायच्या आधी दोन दिवस बाबा भाकर निम्मी करत, चहा सोडत. तिथे रंग हिरवा येई. हे त्यांनी फसवायला केले की पाहुण्याकडे जाताना अंगरखा धुवावा तसे केले, मला सांगता येणार नाही.

तीन महिन्यांचा हिशेब एका थेंबात सांगणारी तपासणी तोवर जगात आली होती. 1968 साली तेहरानमध्ये डॉ. सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा घटक जास्त दिसला. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात. तेवढ्या काळात साखर त्यांना चिकटत जाते. हीच आजची 'एचबीएवनसी'. बाबांच्या तारेत या तपासणीचा एकच कागद आहे, शेवटच्या वर्षाचा.

आता रोगी गोळी का सोडतो याकडे वळू. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास मधुमेहात सुरू झाला नाही, क्षयात झाला, आणि त्याचे एक मोठे ठिकाण भारतात आहे. 1956 साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र निघाले. ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स तिथे होते. प्रश्न असा होता, की झोपडपट्टीत राहणाऱ्या गरीब रोग्याला सॅनिटोरियममध्ये न ठेवता घरीच गोळ्या देऊन बरे करता येईल का? येते, असे 1959 मध्ये सिद्ध झाले आणि साऱ्या जगाची क्षयाबद्दलची समजूत बदलली. पण त्याच कामात फॉक्स यांना दिसले, की बरे वाटू लागले की माणूस गोळी सोडतो. न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजायच्या, लघवीत औषधाचा अंश तपासायचा, अशा युक्त्या त्यांनी वापरल्या. 1958 सालीच त्यांनी या अडचणीवर स्वतंत्र लेख लिहिला. पुढे समोर बसवून गोळी देण्याची जी पद्धत जगभर गेली तिचे एक मूळ मद्रासमध्ये आहे.

क्षयाचा शेवट ठरलेला असतो. मधुमेहाला तो नाही. पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांनी 1970 च्या दशकात या विषयाची शिस्तशीर मांडणी केली. तेव्हा त्याला जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ 'आज्ञापालन' असाच होतो. 2003 साली जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घ उपचारांवर मोठा अहवाल काढला. श्रीमंत देशांतही जुनाट आजाराचे सुमारे निम्मेच रोगी औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात आहे, आणि रोग्याला दोष देण्यापेक्षा आधार द्या, असेही. निम्मे! म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचा पगारदार माणूसही बाबांच्याच रांगेत. हा आकडा वाचून मला जो दिलासा मिळाला तो मी लपवत नाही.

आमच्या भागात 'गोळी सोडली' असे कुणी म्हणत नाही; 'गोळी सुटली' म्हणतात. किंवा 'खाडा पडला', मजुरीचा पडतो तसा. मी आधी हे जबाबदारी झटकणारे बोलणे समजत होतो.

इथवर माझा निष्कर्ष पक्का होता : पैसा नाही म्हणून जूनमध्ये गोळी नाही. कापूस एकाधिकार खरेदी योजनेत (आपल्याकडे ती 1972 पासून) शेतकऱ्याला कापूस सरकारलाच विकावा लागे, पैसे हप्त्याने येत, त्यातून सोसायटीचे कर्ज आधी कापले जाई. ज्यांना धीर नसे ते रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या व्यापाऱ्याला कापूस घालत. हाती उरे ते चैत्रापर्यंत संपे, आणि मृगाच्या तोंडावर बियाणे-खताला पुन्हा हात पसरावा लागे. तिथे गोळीचा नंबर कितवा? लेख जवळजवळ लिहून झाला होता.

पण ती दोन जूनची बिले अडवत होती. त्यातले एक 1993 चे. बिल आहे म्हणजे पैसे होते. मायच्या लोखंडी पेटीत औषधांचा एक डबा होता, तो उघडला. त्यात डाओनिलची न फोडलेली पाकिटे निघाली. त्यांच्यावरचा बॅच नंबर त्या बिलावरच्या नंबराशी जुळला. म्हणजे आणली आणि घेतली नाहीत. मायला विचारले. ती तांदूळ निवडत होती, मानही वर न करता म्हणाली, "पेरणीत गोळी घेतली का हातपाय कापत त्यायचे. घाम सुटे. तिफन धरता नाही ये. एकडाव धुऱ्यावर पडले होते ना. मंग काय करतीन?"

पांढरकवड्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला समजावले. ग्लायबेनक्लामाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवला आहात की नाही, हे ते विचारत नाही. परिणाम दिवसभर टिकतो. पहाटे काळा चहा पिऊन शेतात गेलेला, दुपारी दोनपर्यंत तिफनीमागे चालणारा माणूस ही गोळी घेईल तर साखर झपाट्याने उतरते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधार, कधी बेशुद्धी, कधी मृत्यू. श्रमाच्या दिवसांत मात्रा कमी करायची, जेवणाची वेळ जुळवायची, खिशात साखर ठेवायची, हे सांगायला हवे असते. बाबांच्या एकाही चिठ्ठीवर तसे काही लिहिलेले नाही. कदाचित तोंडी सांगितले असेल. पण साखरेचा रोग झालेल्या माणसाला खिशात साखर ठेव म्हटले तर तो ऐकेल का, हाही प्रश्नच.

म्हणजे ज्याला आम्ही हलगर्जीपणा म्हणत होतो त्यात अर्धी उधारी होती आणि अर्धी अक्कल. गोळीने पाडले, म्हणून त्यांनी गोळी ठेवून दिली. चूक पुढची होती : पेरणी संपल्यावरही ती सुरू झाली नाही. तोवर पैसे संपलेले असत, आणि अंगाला काही होतही नसे.

अंगाला काही होत नाही, हीच या रोगाची खोच आहे. इंग्लंडात रॉबर्ट टर्नर यांच्या पुढाकाराने 1977 साली एक अभ्यास सुरू झाला. नव्यानेच मधुमेह कळलेल्या 5102 रोग्यांवर 1997 पर्यंत लक्ष ठेवले. काहींना औषधाने साखर कसोशीने ताब्यात ठेवायला लावली, बाकीच्यांना मुख्यतः आहारावर ठेवले. दहा वर्षांत दोन्ही गटांच्या 'एचबीएवनसी'त फरक पडला तो एवढाच : 7.0 आणि 7.9. तेवढ्याने डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडात 25 टक्के घट दिसली. खरी नवलाची गोष्ट 2008 साली छापली गेली. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती, तरी पुढची दहा वर्षे पहिल्या गटाचा फायदा टिकून राहिला. त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यूही कमी झाले. पहिल्या वर्षांचे नियंत्रण शरीर विसरत नाही. पहिल्या वर्षांचे खाडेही विसरत नाही. बाबांची पहिली वर्षे म्हणजे 1986 ते 1990. माझ्या फरशीवर सगळ्यात जास्त मोकळी जागा तिथेच होती.

1970 च्या दशकात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मोजले तेव्हा मधुमेह शहरांत सुमारे दोन टक्के आणि खेड्यांत दीड टक्का होता. त्याच परिषदेच्या 2011 सालच्या अहवालात महाराष्ट्राचा आकडा 8.4 टक्के आला, 2023 च्या अहवालात देशाचा 11.4. दवाखान्याची व्यवस्थाही बदलली. आशाताई घरी येऊन तिशीपुढच्यांचा फॉर्म भरते, प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिनची गोळी फुकट मिळते. तिने एकटीने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात प्रत्येक रोग्याचे कार्ड ठेवून, या महिन्यात कोण आले नाही याची यादी काढून त्याला बोलावण्याची पद्धत घातली गेली. मला तो मार्ग पटतो. तिथे 'का घेत नाहीस' असे विचारण्याआधी 'आला का नाहीस' असे विचारतात. पेरणी होती हे उत्तर तिथे निदान ऐकले तरी जाते.

कर्जमाफीच्या याद्या मी दुकानात पुष्कळ टाईप केल्या आहेत. त्यात बँक असते, सोसायटी असते. मेडिकलवाल्याची उधारी नसते.

एका घराच्या दोन तारांवरून जिल्ह्याचा इतिहास लिहिता येत नाही, हे मला कळते. म्हणून विनंती आहे. घाटंजी, झरी, मारेगाव, आर्णी, कुठेही, तुमच्या घरी खांबाला, फळीवर, पेटीत अशा पावत्या असतील तर दिवाळीच्या साफसफाईत त्या टाकू नका. मी येऊन झेरॉक्स काढीन, मूळ कागद तुमच्याकडेच राहील. मला नावे नकोत. फक्त तारखा हव्यात, आणि बिल असूनही न फोडलेले पाकीट सापडले तर तेही.